स्टेअरिंग थरथरतंय? आधी रिमातली माती बघा, मग अलाइनमेंटचं बोलू

गाडी ऐंशी-नव्वदला गेली की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं, अजून वाढवली की कधी कमी होतं कधी जास्त, आणि मग माणूस गाडी घेऊन जातो कुठे तर अलाइनमेंटला. कोकणात हे ठरलेलंच. हायवेच्या कडेला कॉम्प्युटर अलाइनमेंटचा बोर्ड दिसला की गाडी आत, पैसे दिले, बाहेर पडलं की दोन किलोमीटरवर परत तेच. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत त्याचा हिशोब. तो बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, टायर एका कडेने खातो, म्हणजे झिजतो. थरथर त्याने होत नाही, झालीच तर टायर वाकडा खाल्ल्यावर, बऱ्याच नंतर. थरथर येते ती फिरणाऱ्या वस्तूतून, म्हणजे टायर, रिम, डिस्क, ॲक्सल, नाहीतर इंजिन. मग यातलं नेमकं कोण हे शोधायचं, आणि ते शोधायला पहिल्यांदा पाना नाही लागत, लक्ष लागतं. कधी थरथरतं एवढं नीट पकडलंत की अर्धं काम झालं.

त्याआधी एक. थरथर हळूहळू वाढत आली असेल तर पुढचं सगळं निवांत वाचा. पण काल नव्हती आणि आज अचानक आली, त्यातही चाक नुकतंच काढून लावलेलं असेल, पंक्चर काढलं असेल, तर जिथे आहात तिथे बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. सैल नटाने चाक निघून जातं हे काही गोष्टीतलं नाही.

आता कधी ते बघू. चार प्रश्न आहेत. ठराविक स्पीडलाच येतं का? ब्रेक दाबल्यावरच येतं का? ॲक्सिलरेटर दिल्यावरच येतं का? आणि हातात जाणवतं की सीटखाली? स्टेअरिंगमध्ये हललं तर बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर हललं तर मागची. एकदम पक्का नियम नाही पण सुरुवात इथून करायची. ब्रेक न दाबता ८० ते ११० च्या मध्ये कुठेतरी येतं आणि त्याच्या खाली जवळजवळ काहीच नाही, असं असेल तर चाकाचं बॅलन्स, म्हणजे चाकाचं वजन गोलभर सगळीकडे सारखं नाही. अगदी हळू, वीस-तीसच्या स्पीडला स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे डुलतंय असं वाटलं तर ते बॅलन्स नाही, टायर आतून फुटायला आलेला असू शकतो, त्याचं खाली येतंच.

टेस्टला रस्ता बघून घ्या. कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यात एनएच ६६ छान रुंद आणि सरळ मिळतो पण तो काँक्रीटचा आहे, काँक्रीटच्या सांध्यांवरून गाडी गेली की टप-टप टप-टप होतं आणि स्पीड वाढवला की ते पण वाढतं, त्यामुळे गाडीत काही नसताना माणूस घाबरतो. म्हणून एकदा डांबरी सपाट तुकड्यावर पण चालवून बघा. घाटात टेस्ट नको. गाडी न्यूट्रलला टाकून बघा असं बरेच जण सांगतात, मला ते फारसं पटत नाही, त्यापेक्षा सोपं म्हणजे ८० ला चौथ्या गिअरमध्ये चालवायची आणि मग त्याच ८० ला पाचव्यात. चाकं तेवढीच फिरतात पण इंजिनचे आरपीएम बदलतात. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही, चाकाकडे चला. गिअर बदलल्यावर थरथर पण बदलली तर इंजिन, माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते), क्लच तिकडे बघायचं.

बहुतेकांचं उत्तर चाक हेच येणार, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवू.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर निम्म्या गाड्यांचं दुखणं म्हणजे माती. हायवे सोडून वाडीत शिरलं की लाल चिखल आलाच. तो चाकाच्या बाहेरून दिसतो तेवढाच नसतो, रिमच्या आतल्या बाजूला जो गोल खोलगट भाग असतो तिथे जाऊन बसतो. गाडी चालू असताना तो सगळीकडे सारखा फेकला जातो, त्यामुळे तेव्हा काही कळत नाही. रात्री गाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी केली की ओला चिखल घसरून रिमच्या खालच्या भागात जमतो आणि चार दिवस ऊन पडलं की तिथेच दगड होऊन बसतो. म्हणजे चाकाच्या एकाच बाजूला वजन. गणपतीला आलेले चाकरमानी परत मुंबईला निघतात आणि हायवेला लागल्यावर गाडी थरथरायला लागते, मग तिकडे जाऊन टायर बदलतात, यातल्या किती जणांचा टायर चांगला असेल देव जाणे.

वजन किती लागतं? फार नाही. १४ इंची रिममध्ये एका जागी फक्त ३० ग्रॅम माती धरा. शंभरच्या स्पीडला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं आणि ते ३० ग्रॅम चाकाला चार-साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतात, तेही प्रत्येक फेरीत एकदा वर, एकदा पुढे, एकदा खाली, एकदा मागे. पन्नासच्या स्पीडला हाच जोर एक किलोच्या आसपास, कारण स्पीड अर्धा केला की जोर पाव होतो. म्हणून गावात फिरताना काही नाही आणि हायवेला गेलं की सुरू. आणि ठराविक स्पीडलाच जास्त का, तर सस्पेन्शन आणि स्टेअरिंगचा स्वतःचा एक ताल असतो, चाकाचे फेरे त्या तालाशी जुळले की थरथर फुगते, पुढे गेलं की थोडी उतरते.

तर आधी चाक काढा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, गिअरमध्ये, तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून मागून ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडकण. नट आधी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. खळ्यातली जमीन पावसात मऊ असते, जॅक रुततो, खाली जाड फळी ठेवा. आणि कृपा करून गाडीला टेकू म्हणून जांभ्याचा चिरा लावू नका, घराला चिरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो पण गाडीच्या टोकदार वजनाखाली जांभा भसकन फुटतो. स्टँड नसेल तर काढलेलं चाकच आडवं करून गाडीच्या दरवाजाखालच्या पत्र्याच्या बीडिंगखाली सरकवून ठेवा आणि अंग गाडीखाली घालूच नका.

चाक उलटं करून आत बघा. माती स्क्रूड्रायव्हरने खरवडली की कधी कधी अख्खा पापुद्रा निघतो, त्यावर रिमच्या शिवणीचा ठसा उमटलेला असतो. पण जपून, कारण त्याच भागात बॅलन्ससाठी चिकटवलेली वजनं असतात, छोट्या चौकोनी करड्या तुकड्यांची पट्टी, ५-५ ग्रॅमचे तुकडे. ती उचकटलीत तर नवीनच भानगड. आणि उलट, कुठे तेवढ्याच आकाराचा स्वच्छ चौकोन दिसला, त्यावर जुन्या गमचा चिकट डाग असला, तर समजायचं की वजन कधीच पडलंय. थरथरीचं कारण तिथेच सापडलं. वॉशिंगवाले प्रेशर पाइप बाहेरूनच मारतात त्यामुळे आतली माती निघत नाही, पण वजनं मात्र कधी कधी त्या प्रेशरने उडतात. आमच्याकडचा एक म्हातारा मेस्त्री कुठलीही थरथरणारी गाडी आली की एकच सांगायचा, "आधी माती काढ रे, मगे बघूया काय ता."

चाक काढलंच आहे तर हब बघा, म्हणजे चाक जिथे जाऊन टेकतं तो गोल भाग. खाऱ्या हवेत मालवण, देवगड, गुहागर अशा ठिकाणी राहणाऱ्या गाड्यांच्या हबवर गंजाचे फोड येतात. रिम त्यावर पूर्ण सपाट बसत नाही, किंचित तिरकी बसते, आणि मग बॅलन्सिंगच्या मशीनवर झिरो दाखवणारं चाक गाडीवर थरथरतं. मशीन खोटं बोलत नाही, चाक मशीनवर सरळ होतं आणि गाडीवर वाकडं. वायर ब्रशने हब आणि रिमची आतली टेकायची बाजू दोन्ही घासून काढा, मग पॉलिश पेपर. मधल्या भोकाच्या कडेला अगदी पातळ ग्रीसचं बोट फिरवलं तर चालतं, पण बोल्टच्या आट्यांना आणि डिस्कला ग्रीस अजिबात नको. बाहेरून आफ्टरमार्केट अलॉय टाकले असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, त्यात रिंग लागते. ती रिंग दुकानदाराने दिलीच नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर राहणार.

नट लावताना एकामागून एक गोल फिरत जायचं नाही, समोरासमोरचे घ्यायचे, आधी सगळे हाताने, मग चाक जमिनीला टेकवून पान्याने. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे पण बघितलेत आणि न्यूमॅटिक गनने टर्र करून सोडून देणारे पण. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा बघून घ्या.

आता टायर. उजेडात आणा, तळहात ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, फिरवा, आधी एका दिशेने मग उलट. वर-खाली लाटा लागल्या, खड्डे खड्डे लागले तर शॉकअप गेलाय, टायर उडत उडत चालला म्हणून तसा खाल्ला. असा टायर बॅलन्स करून शांत होत नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा जरी फुगा दिसला तर विषय संपला, आतल्या दोऱ्या तुटल्यात, तो टायर स्टेपनीत पण ठेवू नका. ट्रेडमध्ये एका जागी उंचवटा असेल तर आतला स्टीलचा पट्टा सुटतोय, हळू स्पीडला स्टेअरिंग डुलतं ते यानेच. बघायची पद्धत सोपी, चाक जॅकवर असताना एक पेन्सिल किंवा काठी घट्ट टेकवून टोक ट्रेडच्या अगदी जवळ धरा आणि चाक हाताने फिरवा. फट दीड मिलिमीटरच्या वर कमीजास्त होत असेल तर ते हातात जाणवणारच. तसंच रिमच्या काठाला धरून बघा, बेंड असेल तर तिथेच दिसेल. खड्ड्यात आदळलेली रिम बऱ्याचदा आतल्या काठाने वाकते, बाहेरून एकदम टकाटक. लोखंडी रिमचा बेंड निघतो. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

टायरचं वय पण वाचा, साइडवॉलवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गावच्या घरी उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. आणि उभं राहून राहून खालून चपटे पण होतात. जूनमध्ये पडवीशेजारी लावलेली गाडी गणपतीला काढली की पहिले काही किलोमीटर धडधडते. टायर तापला की वीसेक किलोमीटरमध्ये हे जायला हवं. नाही गेलं तर चपटेपणा कायमचा झालाय. उभी ठेवायचीच असेल तर हवा थोडी जास्त ठेवा आणि अधूनमधून हातभर पुढे-मागे करा. रोजच्या वापराची हवा मात्र ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो तेवढीच, सकाळी थंड टायरला.

एवढं करून पण कुठलं चाक ते कळत नसेल तर पुढचं डावं मागे, मागचं डावं पुढे, मग तेच उजव्या बाजूला. थरथर हातातून सीटखाली गेली तर चाकातच आहे. हलली नाही तर चाक निर्दोष, पुढे चला. स्टेपनी लावून पण बघता येतं पण हल्ली बऱ्याच गाड्यांत बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ८० च्या वर जायचं नसतं, त्यामुळे टेस्टला ती उपयोगाची नाही.

बॅलन्सिंगच्या दुकानात गेलात की लांब खुर्चीत बसून चहा पिऊ नका, मशीनजवळ उभे राहा. जुनी वजनं सगळी काढायला सांगा. रिम आतून धुतलेली असू दे. झिरो दाखवलं की एक विनंती करायची, चाक मशीनवर सैल करून अर्धा फेरा फिरवून परत कसा आणि परत फिरवा. परत झिरोच्या आसपास आलं तर बॅलन्स खरं. वीस-तीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवरच वाकडं बसलं होतं, चाक मशीनवर पकडणारा शंकू चुकीचा लावला होता किंवा मशीन खराब. काही जण तोंड वाकडं करतात, करू दे. एका चाकाला शंभर ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर वजन लावत बसण्यात अर्थ नाही, टायर रिमवरच थोडा फिरवून बसवायला सांगा, नाही जमलं तर टायर किंवा रिम वाकडी आहे.

ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर वरचं सगळं सोडा, डिस्क प्लेट बघा. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडीला कमीजास्त झालेली असते, आणि तो फरक केसाच्या जाडीपेक्षा कमी असला तरी पायाला आणि हाताला कळतो. आंबा घाट, करूळ, आंबोली उतरताना टॉप गिअरमध्ये गाडी सोडायची आणि पाय ब्रेकवर ठेवून यायचं, मग खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून चहाच्या टपरीसमोर उभं राहायचं, यात पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात तोच गिअर, आणि खाली उभं राहायचं तर फूटब्रेकवरचा पाय काढून. पावसात दोन-तीन दिवस उभ्या गाडीच्या डिस्कवर नारिंगी गंज येतो आणि पहिले चार-पाच ब्रेक खरखरीत लागतात, ते नॉर्मल, आपोआप जातं. डिस्क लेथवर टर्न करून मिळते, पण किती जाडीपर्यंत चालेल तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, त्याच्या खाली गेली की नवीनच. आणि नवीन डिस्क गंजलेल्या हबवर तशीच बसवली तर काही हजार किलोमीटरने तुम्ही परत तिथेच, त्यामुळे हब घासला का हे विचाराच. पायात पेडल धडधडतं पण स्टेअरिंग शांत आहे, तर मागचे ड्रम उघडायला सांगा.

ॲक्सिलरेटर दिला की, खास करून चढाला, गाडी आडवी हलते आणि पाय काढला की लगेच थांबते, तर ॲक्सलचा आतला जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर रबरी बूट फाटलाय आणि आत पाणी-वाळू गेलीय. बूट फाटल्या फाटल्या बदललात तर थोडक्यात भागतं. वळताना कट-कट आवाज असेल तर तो बाहेरचा जॉइंट. बोलेरो, ईको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, असतात, ते सुकले की सीटखालून घरघर आणि थरथर दोन्ही येतं. आणि वाळूत, थेट किनाऱ्यावर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांना काय सांगायचं, बूट, बेअरिंग, डिस्क सगळ्याला मीठ चारून येतात.

बेअरिंग जाताना थरथरीपेक्षा आवाज जास्त, विमानासारखी घुं घुं, आणि मोठ्या वळणावर गाडी एका बाजूला झुकली की आवाज वाढतो, दुसरीकडे झुकली की कमी. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांना हे नंतर लागतं. २०२१ च्या जुलैत चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, त्यामुळे त्याआधीची सेकंडहँड गाडी घेताना बेअरिंगचा आवाज ऐकूनच घ्या. चाक जॅकवर असताना वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवा, खेळ असेल तर स्टेअरिंगचे भाग, टाय रॉड एंड किंवा रॅक. लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश फाटलेले असतील तर ते स्वतः थरथर करत नाहीत पण चाकाची एवढीशी थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतात. म्हणून जुन्या गाडीत बॅलन्सिंग करून नव्वद टक्के गेलं आणि थोडं उरलं, तर ते इथे शोधायचं. अलाइनमेंट करायचं ते हे सुटे भाग बदलल्यावर, तेव्हा मात्र नक्की करा, कारण टाय रॉड एंड बदलला की कोन हलतोच.

उभ्या गाडीत, एसी लावला की हलते आणि चालू लागली की बंद, असं असेल तर चाकांना हात पण लावू नका, इंजिन माउंटिंगचं रबर आणि प्लग बघायला सांगा.